स्नूकरकडे परतताना नवी क्यू कशी निवडावी

माळ्यावरून केस खाली काढली तेव्हा रेक्झिनला पांढरी बुरशी धरली होती. आत माझी कॉलेजातली क्यू, म्हणजे स्नूकर खेळायची काठी. पितळी जॉइंटवर हिरवट थर, टोकाची चामड्याची टिप दगडासारखी टणक, आणि जेवणाच्या टेबलावर घरंगळवली तर दर फेरीला पुढचं टोक उचललं जात होतं. १७ वर्षं तिला हात लागला नव्हता. नोकरी, मुलगा, आईचं आजारपण, यात स्नूकर कधी सुटलं ते कळलंही नाही. मुलगा शिकायला बाहेरगावी गेला आणि संध्याकाळचे दोन तास पुन्हा माझे झाले.

नव्या क्यूचा शोध मी त्याच रात्री सुरू केला. कॉलेजात असताना जी परवडत नव्हती तशी क्यू आता घ्यायची, एवढंच डोक्यात होतं. ५८ इंची, भारदस्त, काळ्याभोर एबनी लाकडाच्या बटची, म्हणजे मुठीकडच्या जाड भागाची. घेतली, आणि दोन महिन्यांत विकावी लागली. ती क्यू २० वर्षांच्या मुलीच्या खांद्याला शोभली असती. माझा खांदा आता ४७ वर्षांचा आहे, दिवसभर संगणकापुढे आखडलेला असतो आणि तिसऱ्या फ्रेमला (डावाला) ते जाणवून देतो. परत येणाऱ्या बहुतेकांची गल्लत इथेच होते. आठवणीतल्या हातासाठी क्यू घेतली जाते. ती आत्ताच्या हातासाठी घ्यायला हवी. पुढचं सगळं याच एका गोष्टीसाठी लिहिलं आहे.

पहिला महिना काहीही विकत घेऊ नका

क्लबातल्या रॅकवरच्या क्यूने खेळा. आठवड्यातून दोनदा, तास-तासभर, अशा आठ बैठका तरी व्हायला हव्यात. पुण्यात पीवायसी हिंदू जिमखाना किंवा पूना क्लब अशा जुन्या ठिकाणी टेबलं आहेत, पण तिथे सभासद किंवा सभासदाचा पाहुणा असावं लागतं. बाकीच्यांना ताशी भाड्याने टेबल देणारी पार्लरं आहेत. निघण्याआधी फोन करून एकच गोष्ट विचारा: टेबल १२ बाय ६ फुटांचं स्नूकरचं आहे की पूल या वेगळ्या खेळाचं? ‘स्नूकर’ अशी पाटी असून आत फक्त पूलची टेबलं, असा फेरा मला दोनदा पडला आहे.

रॅकवरची एकच क्यू दर वेळी घ्या. बटावर नंबर असतो, तो लक्षात ठेवा. ती चांगली नसली तरी चालेल. रोज नवी क्यू उचलली तर चूक क्यूची की हाताची हे कधीच कळत नाही. घरी आल्यावर दोन ओळी लिहून ठेवा: कुठे दुखलं, खांद्यात, मनगटात की कमरेत, लांबच्या पॉटला (चेंडू खिशात घालण्याच्या शॉटला) पांढरा चेंडू कुठल्या बाजूला सरकतो, बटाचा किती भाग हाताच्या मागे उरतो. आठ बैठकांनंतर या ओळींना दुकानदाराच्या कुठल्याही सल्ल्यापेक्षा जास्त किंमत येते.

चाळिशीनंतर परतणाऱ्यांनी चष्म्याचा प्रश्न क्यूच्या आधी सोडवावा. हनुवटी क्यूला टेकली की आपण काचेच्या अगदी वरच्या भागातून बघतो आणि फ्रेमची कड नेमकी चेंडूवर आडवी येते. मग नकळत मान वर उचलली जाते, आणि मान उचलली की क्यू वळते. १९८५च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात डेनिस टेलरने स्टीव्ह डेव्हिसला अगदी शेवटच्या काळ्या चेंडूवर हरवलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांवर उलटा घातल्यासारखा दिसणारा उंच चष्मा होता. तो याच अडचणीसाठी होता. मी माझ्या चष्मेवाल्यांना दुकानातल्या काउंटरवर वाकून, हातात फूटपट्टी धरून दाखवलं. त्यांनी उभ्या मोठ्या काचेचा, फक्त लांबच्या नंबरचा, नाकावर उंच बसणारा चष्मा करून दिला. क्लबातली क्यू वाकडी आहे अशी माझी जी तक्रार होती, ती त्या चष्म्यानंतर निम्मी संपली.

जुनी क्यू असेल तर आधी तिच्याकडे बघा

जुन्या क्यूची टिप बदलता येते, फेरूल, म्हणजे टिपखालचं कडं, बदलता येतं. जॉइंटच्या आट्यांवरचा हिरवा थर जुना टूथब्रश आणि ओलसर फडक्यावर घेतलेली थोडी पितांबरी यांनी निघतो. फक्त लाकडाला पाणी लागू देऊ नका आणि लगेच कोरडं पुसा. त्यानंतर बाक कुठे आहे ते पाहा. दोन्ही तुकडे वेगवेगळे सरळ असतील आणि जोडल्यावरच क्यू वाकडी दिसत असेल, तर दोष जॉइंटच्या बैठकीत आहे आणि तो दुरुस्त होण्यासारखा असतो. शाफ्टच्या (पुढच्या निमुळत्या दांड्याच्या) टोकाकडच्या फूट-दीड फुटात बाक असेल तर तिचा मोह सोडा. वाफ देऊन, वजन टांगून सरळ करून देतो म्हणणारे भेटतात. माझ्या माहितीतल्या दोन क्यू अशा सरळ झाल्या होत्या आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा वाकल्या.

क्यू सरळ असेल तर नवी टिप लावा आणि खेळा. नवी घ्यायची गरजच नाही. स्टीफन हेंड्रीने सातही जागतिक विजेतेपदं लहानपणी घेतलेल्या एका स्वस्तातल्या क्यूने जिंकली. २००३ साली विमानप्रवासात ती मोडली, तोवर त्याने ती सोडली नव्हती.

पूलची क्यू गळ्यात पडू देऊ नका

ऑनलाइन ‘बिलियर्ड्स क्यू’ शोधलं की समोर येणाऱ्या बऱ्याचशा क्यू पूलच्या असतात. पूलचा चेंडू सुमारे ५७ मिलिमीटरचा, स्नूकरचा ५२.५. म्हणून पूलच्या क्यूची टिप १२-१३ मिलिमीटर जाड असते आणि स्नूकरची साधारण ९ ते १०. बघताक्षणी ओळखायचं तर फेरूल बघा. स्नूकरच्या क्यूला पितळेचं बारीक फेरूल असतं, पूलच्या क्यूला बहुधा पांढरं, प्लॅस्टिकसारखं. पूलच्या क्यूच्या मुठीला बऱ्याचदा दोरा गुंडाळलेला असतो. स्नूकरच्या क्यूचं लाकूड उघडं असतं आणि बटाची एक बाजू थोडी सपाट तासून तिथे कंपनीची चकती बसवलेली असते. इंग्लिश बिलियर्ड्स मात्र स्नूकरच्याच टेबलावर, त्याच मापाच्या चेंडूंनी खेळतात, त्यामुळे त्याला हीच क्यू चालते. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात जगज्जेते झाले ते या बिलियर्ड्समध्ये, आणि पुण्यातच जन्मलेला पंकज अडवाणी बिलियर्ड्स आणि स्नूकर दोन्हींत जगज्जेता झाला.

लांबी: खांद्याच्या उंचीवर जाऊ नका

क्यू शेजारी उभी करून ती खांद्यापर्यंत येते का बघायचं, असं सर्रास सांगतात. माझी उंची पाच फूट दोन इंच. त्या हिशेबाने मला जेमतेम ५१ इंचांची क्यू लागेल, आणि तिने मी अवघडून जाईन. नियमाला क्यू किमान ३ फूट असली की पुरते. बाजारात बहुतेक क्यू ५७ किंवा ५८ इंचांच्या असतात. तुम्हाला किती लागते हे उभं राहून कळत नाही, वाकल्यावर कळतं.

टेबलावर पूर्ण खाली वाका, टिप पांढऱ्या चेंडूपासून बोटभर अंतरावर आणा आणि थांबा. कुणालातरी बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. कोपरापासून मुठीपर्यंतचा हात ओळंब्यासारखा सरळ खाली लोंबला पाहिजे. आता मुठीच्या मागे बटाचा किती भाग उरला ते बघा. एक ते तीन इंच उरत असेल तर लांबी बरोबर. चार-पाच इंच मागे डोकावत असेल तर क्यू तुम्हाला लांब आहे, किंवा तुम्ही ब्रिज, म्हणजे टेबलावर क्यूला आधार देणारा हात, फार आखडून घेताय. मूठ अगदी टोकाला जाऊनही हात मागे तिरका राहत असेल तर ती आखूड आहे. ५८ इंची क्यूचा माझ्या मुठीमागे जवळजवळ पाच इंच भाग उरायचा. ते मागचं वजन दर शॉटला बट खाली ओढायचं, टिप वर यायची, आणि मी पांढऱ्याला मनात नसताना टॉप (वरच्या भागावर मार) देत होते. सहा आठवडे मी यासाठी स्वतःच्या मनगटाला दोष दिला. आता ५६ इंचांची क्यू वापरते.

लांब क्यू घेऊन कापून घेऊ, असा विचार असेल तर एवढं ध्यानात ठेवा. बटाकडून कापली तर वजन आणि तोल बदलतो. टिपकडून कापली तर शाफ्ट तिथे जाड असल्याने टिपचं माप वाढतं. एखादा इंच जाणकाराकडून कमी करून घेणं ठीक, त्याहून जास्त नको. सहा फुटांच्या वरच्या माणसांनी ५९-६० इंच बघावी, नाहीतर मागे फिरवून बसणारा छोटा जोड घ्यावा.

वजन आणि तोल

क्यूचं वजन औंसात सांगतात. १७ औंस म्हणजे साधारण ४८२ ग्रॅम, १८ म्हणजे ५१०, १९ म्हणजे ५३९. बहुतेक खेळाडू १७ ते १९च्या मध्ये असतात. माझी ती पहिली ऑनलाइन घेतलेली क्यू जाहिरातीत १८ औंसांची होती. खांदा भरून यायला लागला तेव्हा कोपऱ्यावरच्या वाण्याच्या काट्यावर आडवी ठेवून पाहिली, ५६८ ग्रॅम. म्हणजे २० औंस. विकणाऱ्याने दाद दिली नाही. तेव्हापासून मी कुणालाही सांगते: स्टिकरवर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा.

वजनाइतकाच, किंबहुना जास्त, तोल महत्त्वाचा. क्यू एका बोटावर आडवी ठेवून ती स्थिर राहते तो बिंदू शोधा आणि बटाच्या टोकापासून तिथपर्यंत मोजा. बहुतेक क्यूंमध्ये हे अंतर १६ ते १८ इंचांच्या आसपास येतं. जास्त आलं तर क्यू पुढून जड: ब्रिजवर ती शांत बसते, पण स्क्रूला, म्हणजे पांढरा मागे खेचणाऱ्या शॉटला, जोर लावताना हात लवकर थकतो. कमी आलं तर मागून जड: हातात हलकी वाटते, दुकानात आवडते, आणि लांबच्या शॉटला टिप डगमगते. एकाच वजनाच्या दोन क्यू या एका फरकाने अगदी वेगळ्या खेळतात.

मी जाते त्या क्लबातले मार्कर (टेबलांची आणि गुणांची देखरेख करणारे), सगळे त्यांना मामा म्हणतात, यांनी मला तीन क्यू काढून दिल्या. वजनाचे स्टिकर त्यांनी आधीच चिकटपट्टीने झाकले होते. पहिली हातात घेऊन मी लगेच म्हणाले, “मामा, हीच.” ते म्हणाले, “ताई, पुढून जड आहे ती. आत्ता नाही कळायचं, पंधरा मिनिटांनी सांगा.” पंधरा मिनिटांनी मी ती खाली ठेवली. शेवटी जी निवडली ती १७.५ औंसांची निघाली. औंस बघून मी ती कधीच उचलली नसती. ही झाकून बघायची पद्धत तुम्हीही वापरा. आकडा दिसला की मन आधीच ठरवून मोकळं होतं.

ज्यांच्या खांद्याला किंवा मानेला त्रास आहे त्यांनी १७.५च्या वर जाऊ नये असं माझं मत आहे.

लाकूड: अ‍ॅश की मेपल

शाफ्ट बहुधा अ‍ॅशचा नाहीतर मेपलचा असतो. अ‍ॅशवर गडद रेषा उठून दिसतात. शाफ्टच्या एका अंगाला त्या रेषांचे बाण झालेले असतात, टोक टिपकडे; लाकूड पुढे निमुळतं होत जाताना एकेक थर तासला जातो म्हणून हे बाण उमटतात. हे बाण कामाचे आहेत. दर शॉटला बाण वर ठेवून क्यू धरली की ती रोज एकाच अंगाने चेंडूला लागते. आणि लाकूड जोखायलाही तेच उपयोगी. ट्यूबलाइटखाली क्यू धरा आणि बटाकडून टिपकडे बाण मोजल्यासारखे बघत जा. सगळे एका ओळीत, मधोमध असतील तर लाकडाचा धागा सरळ आहे. मध्येच ते एका कुशीला सरकत गेले तर धागा पिळलेला आहे, आणि अशी क्यू पुढेमागे वाकण्याचा धोका जास्त. बाण किती आहेत याला फार महत्त्व देऊ नका, दुकानदार देतात तेवढं तर नाहीच. पुढच्या वीतभर भागात गाठ किंवा तिरकी गेलेली रेघ मात्र नको.

मेपल गुळगुळीत आणि घट्ट असतो, रेषा जवळजवळ दिसतच नाहीत. बघताना लक्ष विचलित होत नाही म्हणून काहींना तो आवडतो. पूर्वी अ‍ॅशवर खेळला असाल तर अ‍ॅशच घ्या, मेपलवर असाल तर मेपल. परतताना बदलायच्या गोष्टी आधीच खूप असतात.

पुण्यातल्या माणसाने लाकडाइतकंच त्यावरच्या लेपाकडे बघावं. जाड, काचेसारख्या चकाकणाऱ्या लॅकरवर जून-जुलैत अंगठा चिकटतो. फेब्रुवारीत दुकानात ती क्यू लोण्यासारखी सरकते आणि पहिल्या पावसानंतर ब्रिजमध्ये अडकायला लागते. तेल मुरवलेला शाफ्ट घ्या. तसा मिळाला नाही तर घेण्याआधी तळहात किंचित ओला करून क्यू त्यातून मागेपुढे सरकवून बघा. दुकानदाराला नवल वाटेल, वाटू द्या.

बट एबनीचा असतो तो वजनासाठी आणि देखणेपणासाठी. एबनी आणि अ‍ॅश हाताने जोडलेले असतील तर एबनीत शिरणारी अ‍ॅशची टोकं गोलसर आणि थोडी कमीजास्त उंचीची दिसतात. यंत्राने जोडलेली असतील तर चारही टोकं अणकुचीदार आणि एकसारखी. दोन्ही क्यू उत्तम खेळतात. हातजोडीचे पैसे जास्त पडतात ते कारागिरीचे. फक्त नख फिरवून पाहा. जोडावर नख अडकलं किंवा टोकं नुसती छापलेली निघाली तर ती क्यू परत ठेवा.

जॉइंट: स्कूटरवरून जाणाऱ्यांसाठी

एकसंध क्यूचं खेळणं काहींना सगळ्यात गोड वाटतं, पण पाच फुटांची केस खांद्याला लावून कर्वे रोडच्या गर्दीत दुचाकी चालवणं स्वतःला आणि मागच्याला धोक्याचं. मधोमध जोडाची क्यू न्यायला सगळ्यात सोपी, मात्र जॉइंटचं पितळ मध्यावर आल्याने तोल पुढे जातो. मधला मार्ग म्हणजे पाऊण जोड: मागचा तुकडा साधारण १६ इंचांचा, पुढचा ४१-४२. जोड मुठीजवळ असल्याने बाकीचा शाफ्ट अखंड राहतो. पाऊण जोडाची केस स्कूटरवर पाठीला आडवी न लावता उभी लावा, वरचं टोक हेल्मेटच्या मागे येऊ द्या. मी तशीच नेते.

जॉइंट तपासायला क्यू घट्ट फिरवून बसवा, शाफ्ट मध्यावर हलका धरा आणि बटाच्या बुडाला तळव्याने थापटा. आवाज एकजीव यायला हवा. बारीक किणकिण किंवा गुणगुण ऐकू आली तर काहीतरी सैल आहे: जॉइंट, फेरूल किंवा आतलं वजन.

टिप

सगळ्यात स्वस्त भाग, आणि खेळ सगळ्यात जास्त बदलणारा. परतणाऱ्याने ९.५ मिलिमीटरची टिप घ्यावी. बारीक टिपने साइड, म्हणजे चेंडूच्या बाजूला मारून मिळणारी फिरकी, जास्त मिळते, पण मनात नसलेली साइडही तितकीच जास्त लागते. नव्या क्यूवर कंपनीने लावलेली टिप बहुधा सामान्य असते, तिच्यावरून क्यूची पारख करू नका. एल्क मास्टर मऊ असते, ब्लू डायमंड तिच्याहून जरा कडक. दोन्ही स्वस्त आहेत. आधी मऊ लावा. तिच्यामुळे खडू नीट धरतो आणि चुकलेल्या शॉटला मिसक्यू (टिप चेंडूवरून घसरणं) कमी होतात.

टिप क्लबातल्या मार्करकडून बसवून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. मामा आधी जुनी टिप ब्लेडने काढतात, फेरूलचा माथा काचेवर ठेवलेल्या पॉलिशपेपरवर घासून सपाट करतात, टिपची पाठही तशीच घासतात, मग थेंबभर गोंद लावून दाबतात. कड फेरूलच्या रेषेत कापतात आणि शेवटी माथ्याला घुमटासारखा आकार देतात. माथा सपाट राहिला तर साइडला टिप घसरते. पहिले दोन-तीन तास टिप दबत राहते आणि कडेने फुगते. तेवढी कड पुन्हा कापून घ्या. क्यूबद्दलचा निर्णय तोवर थांबवा.

दुकानात काय बघायचं

क्यू बटाकडून डोळ्याशी धरा, बंदूक रोखल्यासारखी, आणि दाराच्या चौकटीच्या सरळ कडेशी ताडून बघत हळूहळू गोल फिरवा. बाक असेल तर फिरवताना टोक एका बाजूला झुकून परत येतं. टेबलावर घरंगळवणं हा दुसरा पुरावा, पहिला नाही, कारण क्यू निमुळती असते आणि लेपाचा उंचवटाही ती उडवतो. दोन्ही तुकडे वेगळे आणि जोडून, असं तीनदा बघा. केसभर बाक चालतो. बोटभर दिसला तर नाही.

मग मूठ. बटाच्या बुडाचा व्यास साधारण २९ मिलिमीटर असतो. माझ्यासारख्या लहान तळव्याला २८ बरा वाटतो. बोटं आवळावी लागत असतील तर बट बारीक आहे. अंगठा आणि तर्जनी टेकतच नसतील तर जाड.

टेबलावरची परीक्षा

ज्या दुकानात किंवा ज्या माणसाकडून क्यू घेताय, तिथे तासभर टेबलावर खेळायला मिळणार नसेल तर निदान परत घेण्याची अट लिहून घ्या. वापरलेली क्यू घेत असाल तर विकणाऱ्यालाच क्लबात बोलवा, टेबलाचं भाडं तुम्ही भरा. ते सगळ्यात सोपं पडतं.

पांढरा चेंडू ब्राउनच्या स्पॉटवर, म्हणजे तपकिरी चेंडूच्या ठरलेल्या खुणेवर, ठेवा. टेबल मोकळं हवं. ब्लू, पिंक, ब्लॅकच्या स्पॉटवरून सरळ वर मारा, वरच्या कुशनला लागून तो परत टिपवर यायला हवा. मध्यम जोराने असं वीस वेळा. प्रत्येक वेळी चेंडू कुठे परत आला ते मोजा. पाच उजवीकडे, पाच डावीकडे आले तर हात अजून बसायचा आहे. वीसपैकी पंधरा एकाच बाजूला आले तर क्यू तुमच्या डोळ्याखाली नीट येत नाही, किंवा ती वाकडी आहे. क्यू अर्धा फेरा फिरवून पुन्हा वीस मारा. बाजू बदलली तर दोष क्यूत. तीच राहिली तर तुमच्या उभं राहण्यात. या एका कसोटीने माझे बरेच पैसे वाचले असते.

त्यानंतर साइड. त्याच जागेवरून, त्याच रेषेवर, पांढऱ्याच्या उजव्या अंगावर मारा. सगळ्याच क्यूंमध्ये चेंडू आधी किंचित डावीकडे सरकतो. किती सरकतो ते बघा. ताठ, पुढे जाड शाफ्टच्या क्यूत जास्त सरकतो, लवचीक शाफ्टच्या क्यूत कमी. कमी म्हणजे चांगलं असं नाही. तुमच्या जुन्या सवयीशी जुळेल ते चांगलं. वर्षानुवर्षं नेम धरताना जी सूट तुम्ही नकळत देत आलात, ती हात विसरलेला नसतो.

ब्लू चेंडू त्याच्या स्पॉटवर ठेवून पांढरा त्याच्या मागे सरळ रेषेत घ्या, वरच्या कोपऱ्यात लांब पॉट करा. मग तोच शॉट स्क्रूने. पांढरा फूटभर मागे आला तरी पुरे, जोर कुठून लावावा लागला ते महत्त्वाचं. शेवटी रेस्ट, म्हणजे हात न पोचणाऱ्या शॉटला क्यू टेकवायची काठी, घेऊन चार शॉट मारा. मागून जड क्यू इथे लगेच उघडी पडते. आणि तासाच्या शेवटच्या दहा मिनिटांत, हात दमलेला असताना, पहिली ब्राउनवरची कसोटी पुन्हा करा. आपलं निम्मं खेळणं दमलेल्या हातानेच होतं.

पैसे

माझी आत्ताची क्यू वापरलेली आहे, पाऊण जोडाची, हातजोडीच्या बटाची, ११,५०० रुपयांना घेतली. आधीची नवी त्याहून महाग होती. जेवढं ठरवलंत त्यातला पाचवा हिस्सा कडक केस, तीन-चार टिपा, चांगला खडू आणि बटाला मागे लागणारा जोड यांसाठी बाजूला ठेवा. मऊ कापडी केस घेऊ नका. स्कूटरवर एक खड्डा पुरतो. पार्टनर, मित्र, मुलगा यांच्याकडे भेट म्हणून क्यू मागू नका, कारण ती परत करता येत नाही.

पावसाळा आणि एप्रिल

क्यू भिंतीला तिरकी टेकवून ठेवू नका, चार महिन्यांत बाक धरते. केसमध्ये आडवी, नाहीतर सरळ उभी टांगून. गाडीच्या डिकीत कधीच नाही; एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो आणि बंद डिकीत तर विचारू नका. खेळून झालं की आधी किंचित ओलसर, मग कोरड्या सुती कपड्याने शाफ्ट पुसा, नाहीतर अ‍ॅशच्या रेषांत घाम आणि खडू बसून काळपट थर होतो. माझ्याकडे त्यासाठी जुन्या धोतराचा तुकडा आहे, त्याइतकं मऊ दुसरं काही मिळालं नाही. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर, जवसाच्या तेलाचे चार-पाच थेंब कपड्यावर घेऊन शाफ्टला चोळते, रात्रभर तशीच ठेवते आणि सकाळी घासून कोरडी करते. तेल लावलेला कपडा चुरगळून टाकू नका, पसरून वाळवा. जवसाच्या तेलाचा बोळा आपोआप तापून पेट घेऊ शकतो.

क्यू घेतल्यावर तीन महिने तिच्यात टिपखेरीज काहीही बदलू नका. जूनच्या पहिल्या आठवड्यात केसमधल्या सिलिका जेलच्या पुड्या बदला, आणि त्याच दिवशी क्यू पुन्हा एकदा दाराच्या चौकटीशी लावून बघा.